मी कुणाच्या प्रचाराचा स्टूल नाही

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टूल आहे. एक पाय मोडल्यामुळे सध्या मंडईच्या भिंतीला टेकून पडलो आहे. पण माझी कीव करू नका. मला राग आला आहे, तो आधी ऐकून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. दाराच्या चौकटीतून उरलेलं चांगलं लाकूड टाकून देणं त्याच्या जिवावर आलं. त्याची मुलगी तेव्हा मंडईत कांदे विकायला बसू लागली होती. मंडईतली जमीन बारा महिने ओली, पोरीला गारठा बाधेल म्हणून त्याने मला बनवलं. खिळा एकही मारला नाही, खाचेत खाच बसवली. "बस आता निवांत," एवढंच तो लेकीला म्हणाला. पुढे त्या लेकीला सगळी मंडई आत्या म्हणू लागली.

माझे कष्टाचे दिवस सुखाचे होते. आत्या माझ्यावर बसून कांदे निवडायची. एखाद्या म्हातारीला चक्कर आली की आत्या उठायची आणि तिला माझ्यावर बसवायची. "काय दणकट स्टूल आहे हो!" असं लोक म्हणायचे आणि मी खुशीत असायचो.

आमच्या शेजारी एक अंडीवाली बसायची. चणीने लहान, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. मंडईत बायकांसाठी मुतारी नव्हती. पुरुषांचं बरं असतं, त्यांना कुठलीही भिंत चालते. बायका मात्र पहाटे घरून निघताना पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत, आणि दुपारपर्यंत ओठांना पापुद्रे आले तरी बाटलीला हात लावायच्या नाहीत. एकदा नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले. चिमणी त्यांना हेच सांगायला उठली, पण गर्दीत ती कुणाला दिसेचना. आत्याने मला पुढे सरकवलं.

"चढ गं. पडायची नाहीस, मी धरते," आत्या म्हणाली.

चिमणी चढली आणि अशी कडाडली की साहेबांना घाम फुटला. त्या दिवसापासून बायकांनी मनावर घेतलं की आपली चिमणी निवडणुकीला उभी करायची. ती गल्लोगल्ली माझ्यावर उभी राहून बोलली. "मला निवडून द्या, पहिलं काम मुतारीचं," असं छातीवर हात ठेवून म्हणाली. प्रत्येक सभेत आत्या खाली वाकून माझे पाय धरून बसायची. चिमणी दणदणीत मतांनी निवडून आली. मिरवणुकीच्या टेम्पोत मलाही हार घातला होता, खोटं कशाला सांगू.

आणि मग, गरज सरो नि वैद्य मरो! चिमणीची ताईसाहेब झाली. मी तिच्या कार्यालयात गेलो. सुरुवातीला ती आल्यागेल्याला कौतुकाने मला दाखवायची. पुढे माझ्यावर कुंडी आली. कुंडीतलं झाड मेल्यावर मला मागे नेलं. कार्यालयातल्या संडासाकडे जायचं दार आपोआप मिटायचं, ते मिटू नये म्हणून मला त्याच्यात अडकवलं. ताईसाहेब दिवसातून कितीदा तरी माझ्या शेजारून आत जायची. तिला एकदाही मंडई आठवली नाही. मित्रांनो, माणसांची तळपायाची आग मस्तकाला जाते. मला तर चार तळपाय!

मंडईत मुतारी झाली नाही, असं मी म्हणणार नाही. झाली. पांढऱ्या फरशा, भिंतीवर 'महिला स्वच्छतागृह' आणि त्याच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत ताईसाहेबांचं नाव. फक्त दाराला कुलूप होतं. का? तर उद्घाटन व्हायचं होतं. पक्षाचे मोठे साहेब येणार, फीत कापणार. साहेबांची तारीख मिळेना. आधी साहेब आजारी पडले, मग परदेशी गेले, मग म्हणे पक्षावर रुसले. वर्षामागून वर्षं गेली. बायका त्या कुलपासमोर कांदे-बटाटे मांडून, पाय आवळून बसत राहिल्या.

शेवटी आत्या किल्ली मागायला कार्यालयात गेली. तिला सकाळभर बाहेर ताटकळत ठेवलं. तेवढ्यात तिला दारात अडकवलेला मी दिसलो. तिने मला उचललं आणि चालू लागली.

शिपाई मागे धावला. "अहो मावशी, तो ताईसाहेबांचा आहे."

"तिच्या बापाने बनवला का?" आत्या म्हणाली. शिपाई मागे फिरला.

असा मी घरी परतलो. तोवर आत्याची सून मंडईत बसू लागली होती. ती गरोदर होती. तिला लघवीची जळजळ सुरू झाली, अंगात ताप राहू लागला. डॉक्टरीणबाईंनी निक्षून बजावलं होतं की भरपूर पाणी पी आणि लघवी अडवू नकोस, नाहीतर पोटातल्या बाळावरही बेतेल. सून मान डोलवायची आणि भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी न्यायची. आत्याने ओरडून पाहिलं, हात जोडून पाहिलं. "पिऊन जाऊ कुठे?" सून विचारायची.

आणि काल ताईसाहेब आली. पुन्हा उभी राहिली आहे ना! मागे कार्यकर्ते, गळ्यात हार, तोंडात साखर. मंडईतूनच प्रचार सुरू करायचा, जुन्या स्टुलावर उभं राहून, म्हणजे फोटो छान येतो.

"आत्या, माझा स्टूल दे गं. लकी आहे तो मला."

माझा! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी चावलो असतो.

आत्या उठली नाही. "किल्ली कुठाय?" तिने विचारलं.

ताईसाहेब गोड हसली. साहेबांची तारीख आता नक्की मिळत होती, पण नेमकी आचारसंहिता लागली, आता निवडणूक होईपर्यंत उद्घाटन करताच येत नाही, असं तिने समजावलं. "निवडून आले की पहिलं काम तेच," ती म्हणाली.

आत्याने सुनेकडे पाहिलं. सुनेचे ओठ पांढरे पडले होते. आत्याने मला उलटा धरला आणि ती सरळ त्या दाराकडे गेली. कुलपावर माझा पाय दाणकन आदळला. कार्यकर्ते ओरडले की ही सरकारी मालमत्ता आहे, गुन्हा दाखल होईल. आत्याने पुन्हा घाव घातला. कोयंडा उखडला आणि माझा पाय मोडला. खरं सांगतो, मला तो मोडल्याचं जराही दुःख झालं नाही.

दार उघडलं. आत मागच्या निवडणुकीचे फलक छतापर्यंत रचलेले होते. प्रत्येकावर चिमणी हात जोडून हसत होती. बायकांनी ते एकेक करून बाहेर काढले आणि चिखलात ठेवले. भाजी धुवायच्या नळावरून बादल्या आल्या. सून आत गेली आणि तिने आतून कडी लावली. बाहेर आल्यावर तिने बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा रिकामी केली. आत्या तिच्याकडे बघत रडली.

ताईसाहेब जमिनीवर उभी राहूनच भाषण करू लागली. आवाज येत होता, ती दिसत नव्हती. बायका तिच्याकडे पाठ करून रांगेत उभ्या होत्या.

मित्रांनो, मला तुमच्याकडून हार नको, रंगही नको. एवढंच करा, ज्याला तुम्ही उंच कराल त्याचे पाय तुमच्या हाताच्या टप्प्याबाहेर जाऊ देऊ नका. आत्याने माझे पाय धरले होते, चिमणीचे धरायचे राहून गेले.

मतदान पंधरा दिवसांवर आहे. आज सकाळी आत्याने नव्या सुताराला बोलावलं. पाय जोडून कितपत पक्का करू, असं त्याने विचारलं.

"बसण्यापुरता कर," आत्या म्हणाली. "कुणाला उभं राहता येईल इतका नको."