हिवाळ्यात निवडलेला भुऱ्या

मित्रांनो, माझ्या पत्र्यावर रंगाचे तीन हात चढले आहेत, त्यावरूनच ओळखा की मी किती जुना कूलर आहे. अकोल्यातल्या एका पत्र्याच्या दुकानात ठोके खात माझा जन्म झाला. तेव्हापासून खुशालरावांच्या घरचा उन्हाळा माझ्याच भरवशावर आहे. होळी झाली की मला गच्चीवरून उतरवतात, बाजूच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरतात, माझं कौतुक करतात. पाऊस लागला की मी पुन्हा ताडपत्रीखाली. इतके महिने एकटं पडून राहिलं, की स्वभाव संशयी होतोच.

जानेवारीत खुशालरावांचा मुलगा कुलदीप बर्फाळ मुलखातल्या हस्की कुत्र्याचं पिल्लू घेऊन गच्चीवर आला. त्याच्या मुलीने, प्रणालीने, मोबाइलवर फोटो पाहून हट्ट धरला होता. निळे डोळे आणि अंगभर दाट केस. अकोल्यात कायमचा राहायला आलेला पाहुणा स्वेटर घालून येतो, यात मला काहीतरी काळंबेरं वाटलं.

खुशालरावांनाही तसंच वाटलं असावं. "कावून आनलं रे हे? मे मधी कसं राहीन?"

"इकनारा म्हने, सवय होऊन जाते, बाबा."

"हे त्यानं कोन्त्या महिन्यात सांगतलं?"

प्रणालीने पिल्लाचं नाव भुऱ्या ठेवलं.

एप्रिलमध्ये मी खाली बैठकीत आलो आणि माझं पाणी चोरीला जाऊ लागलं. सकाळी भरलेली टाकी दुपारी अर्धी. मी पाळत ठेवली. चोर भुऱ्याच होता. माझी ताटी सरकवून तो टाकीत तोंड घालायचा, मग माझ्यासमोरच्या खुशालरावांच्या जागेवर आडवा व्हायचा. मला त्याचा फार राग आला.

मे महिन्यात एका दुपारी लाइन गेली. माझा पंखा थांबला. भुऱ्या धापा टाकत माझ्याजवळ आला, पत्र्याला जीभ लावली आणि तिथेच कोसळला. प्रणाली माझ्याच टाकीतलं पाणी ओंजळीने त्याच्या पोटावर टाकत होती. तेव्हा मला लाज वाटली. तो चोरी करत नव्हता, जीव वाचवत होता.

तो वाचला. जनावरांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला थंड हवेच्या चिखलदऱ्याला, खुशालरावांचे मित्र देवमन गुरुजींकडे पाठवलं.

"आजोबा, तो माह्यासाठी आला होता ना?" प्रणाली रडत म्हणाली.

"तुह्यासाठीच आला होता, बाई. पन त्याले कोनी इचारलं होतं का?"

यंदा प्रणालीला पुन्हा कुत्रा हवा आहे. खुशालराव म्हणतात, पाहू, पण मे मधी, भर दुपारी. मित्रांनो, तुम्हीही घरात जीव आणण्याआधी त्याचा फोटो पाहत बसू नका. आधी आपलं ऊन पाहा, आपली लाइन गेलेली दुपार पाहा.

माझ्या पंपाच्या जाळीत भुऱ्याचे दोन-चार पांढरे केस अजून अडकलेले आहेत. प्रणाली ते कुणाला काढू देत नाही, आणि मलाही ते निघायला नको आहेत.