ढब्बू टिचकीला येतो

मी एक जुना पिंजरा आहे. थांबा, थांबा! पिंजरा म्हटलं की लगेच नाकं मुरडू नका. सर्कशीतल्या वाघाला डांबणारे माझे नातलग असतीलही, मी नाही म्हणत नाही. पण चार वाईट नग कुठल्या घराण्यात नसतात? माझं ऐकून तर घ्या, मित्रांनो. आज मला तोंड फुटलं आहे. ज्या दिवसांत ते फुटायला हवं होतं, त्या दिवसांत मात्र माझ्याकडून हूं की चूं झालं नाही.

माझा जन्म एका ग्रिलवाल्याच्या कारखान्यात झाला. खिडक्यांचे ग्रिल, जिन्याचे कठडे, मोठाली फाटकं अशी भारदस्त कामं तिथे चालत. मी मात्र कोपऱ्यात पडलेल्या उरल्यासुरल्या सळ्यांचा. त्या ग्रिलवाल्याची भाची, म्हणजे आमची ठकू, घरात गिनीपिग आणायचा म्हणून हटून बसली होती, आणि तिच्या आईने सांगितलं होतं, "आधी त्याचं घर, मग तो." मामाने लगेच मनावर घेतलं. माझा एकेक सांधा जोडला, पॉलिशपेपरने घासघासून गुळगुळीत केला. "पोरीच्या बोटाला ओरखडा जरी आला ना, तर ताई मला उभा चिरेल," असं तो हाताखालच्या माणसाला सांगत होता. मग मला हिरव्या रंगाचे दोन हात मारले. खरं सांगतो, त्या दिवशी मी फाटकांपेक्षाही देखणा दिसत होतो.

मला घरात आणून ठेवलं तेव्हा ठकूचे बाबा माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "अहो मेव्हणे, एवढा मजबूत? उद्या चोर आले तर आम्हीच आत जाऊन बसू."

मामा म्हणाला, "बसा की. दाजींना उधारीवर देतो."

आणि मग ढब्बू आला. पांढरा-तपकिरी, मान नावाची गोष्टच नसलेला, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे पटकन न कळणारा. आल्या आल्या त्याने ढब्बू मिरचीची अख्खी फोड मटकावली आणि वर "अजून आणा" म्हणून अशी काही शीळ घातली की आईच्या हातातलं भांडं पडलं. नाव तिथेच ठरलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्याही इमारतीत गेले की आधी बटण दाबायचं, ही त्यांची सवय. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, की त्यांचा निम्मा जीव भांड्यात पडतो. ही सवय ते घरी घेऊन आले. संध्याकाळी चपला काढायच्या, थेट माझ्याकडे यायचं आणि वरच्या सळीवर दोन टिचक्या मारायच्या. टण्, टण्! ढब्बू असेल तिथून धावत येई, पुढचे दोन्ही पाय माझ्या दारावर टेकवी आणि नाक बाहेर काढी. "चालू आहे!" बाबा ओरडत. ठकू हसून लोळे. ढब्बूला मिरचीची फोड मिळे. मग ठकूही टिचक्या मारू लागली, आईही कामावर जाता-येता मारू लागली. पाहुणे आले की हा कार्यक्रम ठरलेलाच. सगळे म्हणत, "काय हुशार आहे हो!" माझं कौतुक कोणी केलं नाही, पण तो टण् आवाज माझा होता ना! मी मनातल्या मनात फुगत होतो. ती वर्षं फार चांगली गेली.

मग ढब्बूच्या दाढांनी घात केला. मित्रांनो, गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून चावून ते झिजत राहिले तर ठीक. ढब्बूच्या दाढा तिरक्या वाढू लागल्या आणि जिभेवर टोचू लागल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई त्याला गुंगी देऊन दाढा घासून द्यायच्या. थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. आई हॉस्पिटलात नर्स आहे. ती गवताची पावडर पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजने त्याला भरवायची. ठकू त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायची आणि आई थेंब थेंब देत म्हणायची, "हं, आ कर राजा, झालंच, एवढंच." असं किती महिने चाललं ते मी मोजलं नाही. माझा हिरवा रंग त्या काळात दाराजवळून उडाला, एवढं आठवतं.

एका संध्याकाळी डॉक्टरांकडून परतल्यावर आईने टॉवेल माझ्यावर वाळत टाकला आणि ती खुर्चीत बसली ती बसलीच.

"मुळं आता आत जबड्यात वाढतायत," ती म्हणाली. "घासून उपयोग नाही म्हणाल्या. औषधानं दुखणं थोडं दबेल, जाणार नाही. पुढचं तुम्ही ठरवा म्हणाल्या."

"ठरवा म्हणजे काय?" ठकूने विचारलं.

"म्हणजे... एक इंजेक्शन असतं. गाढ झोप लागते. मग तो उठणार नाही."

"मारायचं ढब्बूला?"

"सोडवायचं गं."

"काहीही काय बोलतेस आई! तू नर्स आहेस ना? नर्स असं बोलते?"

आईचा चेहरा उतरला. बाबा उठले. त्यांना कुणाचं रडणं सोसत नाही. ते माझ्यापाशी आले आणि टण्, टण्! ढब्बू कोपऱ्यातून निघाला, दारापर्यंत आला, पाय टेकवून उभा राहिला.

"हे बघ," बाबा म्हणाले. "येतोय की. चालू आहे. ज्या दिवशी टिचकीला येणार नाही, त्या दिवशी बघू."

ठकूने बाबांना मिठी मारली.  आईलाही ते ऐकून थोडं हलकं वाटलं असावं. आज नाही, उद्यावर गेलं, याचं कोणाला बरं वाटत नाही?

मला मात्र बरं वाटलं नाही. कारण मला माहीत होतं. भिंतीला नुसते कान असतात म्हणे. मी तर सगळं बघत होतो. दार ओढून तिघं कामाला नि शाळेला गेली की ढब्बू खाली बसायचा. बसायचा म्हणजे काय, गळूनच जायचा! अंगावरचे केस पिंजारून, तोंड कोपऱ्यात घालून. हनुवटीखालची लव लाळेने चिकट झालेली. मध्येच दात करकरायचे. तो आवाज मला सळीसळीत जाणवायचा. आणि जिन्यात चपलांचा आवाज आला की हाच ढब्बू कान टवकारून, केस बसवून, जणू काही झालंच नाही असा तयार!

मला ओरडावंसं वाटायचं, अरे, हा तुम्हाला फसवतोय! पण पिंजऱ्याला कुठला आवाज? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. आणि आवाज होता तो नेमका नको तो. त्या ठरावानंतर घरात टिचक्या वाढल्या. ठकू शाळेत जाताना मारी, आल्यावर मारी, अभ्यासातून उठून मारी. दर वेळी ढब्बू अंग ओढत यायचा. माझीच सळी वाजवून ते त्याला उठवत होते, मित्रांनो! सळी बद्द वाजावी, तिने दगा द्यावा, अशी मी प्रार्थना करी. पण मामाचं वेल्डिंग! खणखणीत वाजायची मेली. मला माझ्या त्या आवाजाचा वीट आला. ढब्बू गेला तर मी रिकामा होणार हेही कळत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने राहावं असंही वाटे, आणि त्याने असं राहू नये असंही वाटे.

शेवटी एकदा आईचा बांध फुटला. ठकूला सुट्टी होती. आई गणवेश घालून दारात उभी होती. ठकूने नेहमीप्रमाणे टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "बघ, आला!"

"येतो गं बाई, येतो!" आई म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाल्या ठाऊक आहे? ही भित्री जात. रानात जो आजारी दिसतो तो आधी शिकार होतो. म्हणून हे दुखणं लपवतात. आपल्यासमोर तर लपवणारच. कोणी नसताना तो काय करतो, पाहिलंयस कधी?"

"खातो आणि झोपतो! मी दाखवते तुला. आज दिवसभर बघते मी."

"तू दिसलीस की तो उठणारच."

"मग मी दिसणारच नाही."

अशी ती हट्टी. उशी घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि सरळ पलंगाखाली शिरली.  आई मोठ्याने म्हणाली, "चला, आम्ही निघालो हं ढब्बू!" आणि दार धाडकन लावून गेली. पण जिन्यात तिची पावलं वाजली नाहीत. ती बराच वेळ तिथेच दाराबाहेर उभी राहिली असावी, कारण खाली उतरण्याचा आवाज फार उशिरा आला.

आता घरात आम्ही तिघं. माझ्या पोटात ढब्बू, समोर पलंगाखाली ठकूचे दोन डोळे. तिने बघावं असं मला इतके दिवस वाटत होतं, आणि आता वाटू लागलं, नको, पोरी, तोंड फिरव. माझ्या हातात काहीच नव्हतं.

ढब्बू दारापासून मागे वळला. दोन पावलं टाकली आणि खाली बसला. केस पिंजारले. बऱ्याच वेळाने तो गवताकडे गेला. एक काडी उचलली, तोंडात धरली, जबडा हलवला आणि काडी पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. भूक होती हो त्याला! तीच तर गंमत, भूक मेली नव्हती. तिसऱ्यांदा त्याने ती नुसती तोंडाशी धरून ठेवली. मग कोपऱ्यात तोंड घालून तो बसला आणि दात करकरू लागले.

पलंगाखालून काही हालचाल नव्हती. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं. मला वाटलं ठकूला झोप लागली. तेवढ्यात तिचा हात हळूच बाहेर आला. तिचा अजून विश्वास बसत नव्हता, का शेवटचा एक प्रयत्न करावा असं वाटलं, कोण जाणे. तिने माझ्या खालच्या सळीवर टिचकी मारली. टण्.

ढब्बू उठला. मागचा एक पाय घसरला, तो सावरला. अंगावरचे केस बसवले. कान वर केले. आणि ओल्या हनुवटीने, लटपटत, एकेक पाऊल टाकत तो दाराकडे निघाला.

"नको येऊस रे," ठकू पलंगाखालून म्हणाली.  "ढब्बू, नको ना येऊस. बस तिथंच."

पण त्याला काय कळणार? तो आला. पाय टेकवून उभा राहिला आणि नाक बाहेर काढलं. ठकू बाहेर आली आणि माझ्यासमोर फरशीवर डोकं टेकून जी रडली, तसं रडणं मी त्या घरात पूर्वी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले. चपला काढल्या, नेहमीसारखं माझ्याकडे वळले, बोट वर उचललं. ठकूने धावत येऊन ते बोट मुठीत धरलं.

"बाबा, वाजवू नका."

"का गं? काय झालं? येत नाही का तो?"

"येईल," ठकू म्हणाली. "तो येईल, बाबा. मेला तरी येईल. म्हणून वाजवू नका."

बाबांना आधी समजलं नाही. मग ठकूने काडीचं सांगितलं, दातांचं सांगितलं, घसरलेल्या पायाचं सांगितलं. ती सांगत असतानाच आई आली आणि दारातच थांबली. बाबा माझ्यासमोर खाली बसले. "मी रोज उठवत होतो गं त्याला," ते आईला म्हणाले. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ठकू म्हणाली, "उद्या जाऊ या आई. मी त्याला धरीन. मी धरलं की तो घाबरत नाही." आईने होकारार्थी मान हलवली.

सकाळी बाबांनी सुट्टी घेतली. मला नेलं नाही. त्याला टॉवेलात गुंडाळून ठकूने छातीशी धरून नेलं. दुपारी तिघं परतली तेव्हा टॉवेल आईच्या हातात घडी करून होता. मामा काम सोडून भाचीला भेटायला आला होता. ठकू म्हणाली, "मामा, तो माझ्याकडेच बघत होता. मग त्यानं डोळे मिटले, आणि दात वाजायचे थांबले." मामा एरवी बोलायला दमत नाही. त्या दिवशी त्याने भाचीला नुसतं जवळ घेतलं.

त्यानंतर मी गॅलरीत पडून आहे. माझ्या डोक्यावर कुंड्या आल्या, सांध्यांना गंज चढला. कोणी वाजवत नाही, आणि वाजवू नये हेच बरं. पण कालच शेजारची मुलगी मला मागायला आली. तिच्याकडे ससा येणार आहे. ठकूने मला खाली उतरवलं, घासलं, आणि तिला सांगत बसली: गवत किती, पाणी कधी, आणि रोज थोडा वेळ लपून बघायचं, त्याला कळू न देता. ती मुलगी हसली. ठकू हसली नाही.

म्हणून जाता जाता तुम्हालाही सांगतो, मित्रांनो. तुम्ही खेळायला बोलावलं की तुमचा ससा येईल, कुत्रा येईल, मांजर येईल. आला म्हणजे बरा आहे असं समजू नका. लाड सगळेच करतात. लक्ष ठेवायला मात्र वेळ काढावा लागतो.

आणि एक गोष्ट. माझ्या दाराची कडी बाहेरच्या अंगाला आहे. सगळ्याच पिंजऱ्यांची तशीच असते. आतल्या जिवाला ती काढता येत नाही, कितीही दुखलं तरी. आत ठेवताना ती तुम्ही लावता, तेव्हा काढायची वेळ आली की तुम्हालाच काढावी लागते. त्या सकाळी बाबा म्हणाले होते, "मी काढू का, ठकू?" ती नको म्हणाली. कडी तिच्या हातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तिने ती काढली.