मधला माणूस

घरात दोघांनी अबोला धरला की सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते तिसऱ्याला. इथे तिसरा म्हणजे सासरा, निवृत्त पोस्टमन. मुलगा आतल्या खोलीत, सून स्वयंपाकघरात, आणि मधल्या बोळातून म्हाताऱ्याची ये-जा. "तिला सांगा, चहात साखर नाही." "त्यांना सांगा, डबा हाताशी आहे." पायांना पुन्हा नोकरी लागली होती, फक्त सायकल नव्हती.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. सुनेला दूरच्या शहरात वर्षभराचं काम मिळालं. "जाऊ ना?" असं तिनं विचारलं आणि मुलगा म्हणाला, "तुझी मर्जी." आता हे दोन शब्द वरवर किती साधे, पण कुठल्याही बायकोला विचारा. तिनं तोंड मिटलं ते मिटलंच, आणि हट्टाला पेटून त्यानंही आपलं शिवून टाकलं.

जाण्याआधी एकच काम उरलं होतं. तिच्या लॅपटॉपनं मान टाकली होती. त्यात नवी सिस्टीम घालायची होती, युनिक्स नावाच्या जुन्या सिस्टीमच्या वळणाची, जगभरच्या हौशी मंडळींनी लिहून फुकट वाटलेली. त्या सिस्टीमची फाइल मुलानं आपल्या संगणकावर उतरवली होती. ती नीट चढली की पेनड्राइव्ह तयार, पेनड्राइव्ह तयार की लॅपटॉप तयार, लॅपटॉप तयार की सून तयार. ती गेली की या घरात उरणार दोन गप्प पुरुष, हे म्हाताऱ्याला लख्ख दिसत होतं.

सुनेची मात्र अट होती, ताडून पाहिल्याशिवाय फाइल चढवायची नाही. "त्यांना सांगा, लग्न सोडलं तर मी आजवर काही न पडताळता घेतलेलं नाही."

म्हाताऱ्यानं आत जाऊन सांगितलं, "ती म्हणते, जरा तपासून घेऊ या."

पडताळणी अशी, की संगणक फाइलीचा एक ठसा काढतो. कला चौसष्ट म्हणतात ना, ठशाची अक्षरंही तितकीच. शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ. खरा ठसा त्या हौशी मंडळींच्या पानावर दिलेला असतो. दोन्ही जुळले तर माल अस्सल, एक अक्षर हललं तर सगळं मुसळ केरात. आता पान होतं सुनेच्या फोनवर, फाइल मुलाच्या पडद्यावर, आणि मध्ये बोळ. मुलानं वाचायचं, म्हाताऱ्यानं न्यायचं, सुनेनं ताडायचं.

"सात, एफ, तीन, शून्य," मुलगा म्हणाला.

उभ्या नोकरीत म्हाताऱ्यानं कुणाचं पाकीट भलत्या दारात टाकलं नव्हतं. बोळात तो घुटमळला, आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, "सात, बी, तीन, शून्य."

"जुळत नाही," सून म्हणाली. "त्यांना सांगा, फाइल खराब आहे."

फाइल पुन्हा उतरवली. या खेपेला वाटेत नवाचे सहा झाले. मुलानं वायर बदलली, राउटर गदागदा हलवला, शेवटी त्याची माफीही मागितली. म्हातारा चटावला होता. आता तर तो अक्षरं फिरवताना गुणगुणायचा. सुनेनं वैतागून त्या हौशी मंडळींनाच कळवलं की तुमच्या मालात भेसळ आहे. मग काय विचारता! कुठल्या कुठल्या देशांत माणसं जेवणावरून उठली. जो तो आपली फाइल ताडू लागला. एकानं खजील होऊन राजीनामा दिला, तर दुसऱ्यानं त्या राजीनाम्याचाच ठसा जुळत नाही म्हणून तो परत केला.

संध्याकाळी उत्तर आलं. सुनेनं मोठ्यानं वाचलं, "फाइल अस्सल आहे. तुमच्यात आणि तिच्यात कुणी येऊन बसलंय का ते बघा. मजकूर जाता-येता बदलणारा असा एखादा असतो. आम्ही त्याला मधला माणूस म्हणतो."

म्हातारा त्या वेळी बोळाच्या बरोबर मध्ये उभा होता.

सुनेनं त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली नाही, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. त्याला वळसा घालून ती थेट आतल्या खोलीच्या दारात गेली आणि नवऱ्याकडे न बघता, भिंतीला ऐकवल्यासारखं वाचू लागली. "सात. एफ. तीन. शून्य. ए."

"ओ," मुलगा म्हणाला.

हाकेला ओ द्यायची सवय, दुसरं काय! सासऱ्यासमोर ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची. दार लागल्यावर त्याचं 'ए' होतं हे म्हाताऱ्याला आज कळलं, आणि त्यानं उगाचच छताकडे पाहिलं.

"यात ओ नसतो," सून म्हणाली. "एफच्या पुढे काही नाही."

"हाक मारलीस ना?"

"अक्षर वाचलं."

"मग वाच पुढे."

"पुढेही ए आहे."

"ओ," तो म्हणाला.

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. तो खुर्चीवरून उठला. "जा म्हणायला जीभ रेटत नव्हती," तो म्हणाला, "आणि राहा कुठल्या तोंडानं म्हणू? मीच येतो तुझ्याबरोबर. माझं काम कुठूनही होतं."

म्हातारा एकीला अडवायला गेला आणि दोघं निघाली. तेलही गेलं, तूपही गेलं.

"बाबा," मुलगा उत्साहानं म्हणाला, "आता माझाही लॅपटॉप नवा करून घेतो. तो जुना आहे, त्याला फाइल वेगळी लागते. ठसा तुम्ही वाचा, आम्ही दोघं पडद्यावर बघतो."

सुनेनं फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला. "वाचाल ना, बाबा?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं चष्मा चढवला. पडद्यापुढे दोन डोकी एकमेकांना टेकली होती. एकच अक्षर फिरवलं असतं, तर घर आणखी एक दिवस भरलेलं राहिलं असतं.

"नऊ," तो म्हणाला. "सी. सी. चार." एका अक्षरावर तो अडखळला, आणि तेच अक्षर पुन्हा नीट म्हणाला. असं करत करत त्यानं शेवटपर्यंत सगळी अक्षरं वाचली, जशीच्या तशी.

"जुळलं!" दोघं एकदम ओरडली.