चेहऱ्याचे पैसे

दुकानदाराने मोठ्या हौसेने काउंटरवर मांडलेला कॉम्प्युटरचा काचेचा कॅबिनेट तिने दोन्ही हातांनी धरला आणि हलकेच परत त्याच्याकडे सरकवला. आतले तीन पंखे रंग बदलत फिरत होते. लाल, निळे, पुन्हा लाल.

"हा नको. पत्र्याचा साधा दाखवा."

"ताई, गेमिंगसाठी घेताय ना? मग लाइट तर हवेतच. हल्ली सगळे हाच नेतात."

"लाइटवर गेम चालत नाही. तेच पैसे पॉवर सप्लायमध्ये घाला. चांगल्यातला द्या."

दुकानदाराने कानामागची पेन्सिल काढून कागदावर एक ओळ खोडली. बोलताना त्याची नजर कागदावर, कॅल्क्युलेटरवर, तिच्या खांद्यामागच्या दारावर, सगळीकडे फिरत होती. तिच्यावर मात्र येत नव्हती. तिला त्याचं नवल वाटलं नाही. डाव्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरलेला जांभळट लाल डाग ती जन्मताना घेऊन आली होती, आणि सभ्य माणसं त्याच्याकडे बघायचं टाळतात म्हणजे काय काय करतात हे तिला शाळेपासून तोंडपाठ होतं. असभ्य माणसं निदान एकदा बघून मोकळी होत.

भिंतीकडच्या स्टुलावर आई बसली होती. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात, ओठ घट्ट मिटलेले.

त्या पर्समध्ये चेहऱ्याचे पैसे होते. घरात त्या रकमेला हेच नाव होतं. आई एका औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला टाकायची. नोकरी लागल्यापासून लेकही त्यात भर घालत आली होती. वडिलांच्या माघारी दोघींनी मिळून जमवलेली घरातली हीच काय ती शिल्लक. आत्याने त्वचेचा डॉक्टर शोधला होता. त्याने गालावर दिवा मारून बघितलं, मशीनची माहिती दिली, किती वेळा यावं लागेल ते सांगितलं आणि शेवटी म्हणाला, फिकट होईल, पूर्ण जाईल असं मात्र सांगत नाही.

घरी पोचायच्या आत तिने पुढची वेळ रद्द केली होती.

"माझा गाल दुखत नाही," ती आईला म्हणाली होती. "जे दुखत नाही त्याला औषध कशाला? मला कॉम्प्युटर घ्यायचाय."

डाग झाकायची बाजारात आलेली प्रत्येक ट्यूब आईने आजवर घरी आणली होती. हे ऐकून आई एकदम खाली बसली. मग बोलली ते सगळं एका दमात बोलली, आणि त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. भाजी वाढताना भांड्यांचा आवाज तेवढा होई. आज सकाळी मात्र आईच चपला घालून दारात उभी राहिली.

"चल. तुला एकटीला गुंडाळतील."

ती मदतीला येतेय की मोडता घालायला, हे लेकीला अजून कळलेलं नव्हतं.

"प्रोसेसर मागच्या पिढीतला चालेल," ती दुकानदाराला सांगत होती. "रॅममध्ये काटकसर नको. आणि राहिलेलं सगळं ग्राफिक्स कार्डात. जेवढं मोठं बसेल तेवढं."

"मग एक आयडिया देतो." त्याने खालच्या खणातून खोका काढला. "हे बघा. वरच्या दर्जाचं कार्ड, निम्म्या भावात. फक्त सहा महिने वापरलंय."

"कुठे वापरलंय?"

"आपल्याच ओळखीच्या एका गेमिंग कॅफेत."

"म्हणजे रात्रंदिवस राबवलेलं," स्टुलावरून आवाज आला. "सहा महिन्यांत साठी गाठली असेल त्याने."

दुकानदार हसला आणि खोका निमूटपणे खणात गेला. तिलाही हसू आलं, पण तिने ते गिळलं. अबोला अजून रीतसर सुटला नव्हता.

एका कुरिअर कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. खरं तर मुलाखत दर्शनी काउंटरसाठी दिली होती. साहेबांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत "तुमचा आवाज फारच छान आहे हो," असं म्हणून तिला आतल्या खोलीत फोनवर बसवलं. पण आवाज खराच छान होता. हरवलेल्या पार्सलांवरून शिव्या द्यायला फोन करणारी माणसं शेवटी थँक्यू म्हणून फोन ठेवत. आणि घरी आल्यावर त्याच आवाजात ती गेम खेळता खेळता बोलायची. मोबाइलवर ऑनलाइन खेळायची, काय चाललंय ते रंगवून सांगायची, आणि हजारो माणसं ते बघायला, त्याहून जास्त ऐकायला येत. त्यांनी तिला नाव ठेवलं होतं रेडिओ. मोबाइल मात्र आता तापून अर्ध्यावर मान टाकत होता. मोठे गेम त्यावर चालतच नव्हते. रेडिओला आता घर हवं होतं.

सगळे भाग ठरले. दुकानदाराने बेरीज केली, तिने घासाघीस केली, आईने त्याहून जास्त केली, आणि आकडा बरोबर पर्सएवढा झाला. तेवढ्यात आईचा फोन वाजला. पलीकडे आत्या होती. तिचा आवाज फोनबाहेरही ऐकू येई.

"काय गं, गेलात का डॉक्टरकडे?"

आईने एकदा दुकानदाराकडे बघितलं. मग तिने पाठ फिरवली.

"हो, दवाखान्यातच आहोत. गर्दी आहे खूप. नंतर बोलते."

लेकीच्या हातातला हिशेबाचा कागद चुरगळला.

"खोटं का बोललीस?"

"तिला समजावत बसायला मला वेळ नाही."

"वेळ नाही की लाज वाटते? मी गाल तसाच ठेवला याची तुला लाज वाटते, आई. मला नाही वाटत. मला कधीच वाटली नाही. मी आहे ही अशी आहे."

दुकानदार घाईघाईने एक केबल गुंडाळू लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

आई उठली. ती भांडायला येतेय असं लेकीला वाटलं आणि ती ताठ झाली. पण आईने तिच्या हातातला कागद काढून घेतला, काउंटरवर ठेवून तळव्याने सरळ केला, आणि गल्ल्यावर बसून बिलं तपासायची सवय असलेल्या बोटाने एकेक ओळ वरून खाली बघितली.

"यात कॅमेरा कुठे आहे?"

"कॅमेरा नकोय."

"का?"

"लागत नाही. आवाज पुरतो."

"तुझ्या चॅनेलवर चेहऱ्याच्या जागी ते चित्र लावलंयस," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मोठ्या डोळ्यांची पोरगी. दोन्ही गाल कसे घासलेल्या ताटलीसारखे स्वच्छ."

"तू बघतेस?"

"गिऱ्हाईक नसलं की बघते. परवा त्या पुलावर हरलीस तेही बघितलं." आईने चष्मा वर सरकवला. "मी आत्ता एका बाईशी खोटं बोलले. तू किती जणांशी बोलतेयस?"

ती काहीतरी म्हणायला गेली. रेडिओच्या तोंडून शब्द फुटू नये असं आजवर कधी झालं नव्हतं. तिने उगाचच एक खोका उचलला, त्यावरची बारीक अक्षरं वाचली, परत ठेवला. डावा गाल गरम झाला होता. मग आतून कुठून तरी राग उसळला. आईचा राग आला, त्या मोठ्या डोळ्यांच्या पोरीचा आला, पेपरवेटकडे बघणाऱ्या साहेबांचाही आला. कुणाचा किती, ते वेगळं काढता येईना.

"पैसे संपलेत," ती अखेर म्हणाली.

"मी वर एक रुपया देणार नाही. यातच बसव."

दुकानदाराने घसा साफ केला. "काकू, एक स्वस्तातला आहे माझ्याकडे. कामचलाऊ. चित्र जरा धूसर येतं, पण तसं... म्हणजे ताईंना..." वाक्य कुठे नेऊन ठेवावं ते त्याला कळेना.

"धूसर नको," ती म्हणाली. "ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणा. आणि कॅमेरा चांगला द्या. सगळं दिसेल असा."

दुकानदाराने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. तिनेही बघू दिलं.

मग त्याने ओळ खोडली, नवी लिहिली आणि कामाला लागला. ती काउंटरला टेकून उभी राहिली आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. मदरबोर्डवर प्रोसेसर बसला, रॅमच्या पट्ट्या टक्कन आवाज करून बसल्या, पत्र्याच्या साध्या डब्यात कार्ड गेलं. कार्ड लहान होतं. शेजारी बोटभर जागा रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेकडे बघताना तिला चुटपुट लागलीच. लागली नाही असं ती कुणाला सांगणार नव्हती. आईने पर्स उघडली आणि पैसे मोजून दिले. पर्स बंद करताना तिचा हात क्षणभर आत रेंगाळला.

बटण दाबताच पंखा घरघरला आणि मॉनिटर उजळला. दुकानदाराने मॉनिटरच्या डोक्यावर कॅमेरा अडकवला. बारीकसा हिरवा दिवा लागला.

पडदाभर तिचा चेहरा आला. मोबाइलवरच्या फोटोत ती नेहमी उजवीकडून दिसायची, मान तशी आपोआप वळायची. इथे ती समोरून होती. कपाळ, भुवई, गालावरून उतरणारा रंग, त्याच्या कडेची वेडीवाकडी रेघ, सगळं. मागे आईचा अर्धा खांदा दिसत होता.

दुकानदार वाकून पडद्याकडे बघत होता. मग त्याने माउसवर हात ठेवला.

"लाल जरा जास्त येतोय वाटतं. थांबा, सेटिंगमधून कमी करून देतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "रंग बरोबर आहे."