सरसकट

नाना गेल्यावर त्यांचं शेवटच्या वर्षाचं इन्कम टॅक्सचं रिटर्न आईच्या सहीनं भरायचं होतं. नाना विमा एजंट. मुलुंड-भांडुप पायी हिंडून पॉलिसी विकायचे. त्यांचे मित्र श्यामकांतकाका करसल्लागार. ते घाटकोपरहून फॉर्म भरूनच घेऊन आले.

"वहिनी, इथे सही करा."

आईनं चष्मा लावून एका आकड्यावर बोट ठेवलं. "हा खर्च कुणाचा?"

"नानाचा. धंद्याचा."

"एवढा? भावोजी, ते रिक्षातसुद्धा बसायचे नाहीत."

"खरा किती झाला ते बघतच नाहीत. एजंटानं हिशेब ठेवला नसेल, तर कमिशनचा ठरलेला हिस्सा खर्च म्हणून सरसकट वजा धरतात. पावती नको, काही नको. कर कमी बसतो."

"मग मी नाही सही करणार. माणूस उधळ्या होता असं दिसेल."

"नाना आणि उधळ्या!" काका हसले. "माझ्याकडे यायचा तोसुद्धा बरोबर चहाच्या वेळेला."

आई हसली नाही. मला वाटलं, तिला हे खोटं वाटतंय. म्हटलं, "आई, हा नियमच आहे. सगळ्या एजंटांना सारखाच."

"तेच म्हणतेय मी. सगळे सारखे. म्हणजे हे उन्हातान्हात कुठे फिरले, काय खाल्लं, कुणी विचारायलाच नको."

भेटायला येणारे सगळे आजाराचंच विचारत होते: कधी कळलं, कुठल्या डॉक्टरला दाखवलं. त्याआधीचे नाना कुणाच्या बोलण्यात येत नव्हते.

मी विचारलं, "दुपारी कुठे जेवायचे गं ते?"

"भांडुपला. शिवदासचं सायकलचं दुकान आहे ना, तिथे बसून डबा खायचे. त्यालाही द्यायचे. म्हणून मी एक पोळी जास्त घालायचे. त्यांना वाटायचं, हिला काही कळत नाही."

"आणि त्या चपला?" काकांनी पेनाला टोपण घातलं. "सारखा शिवून घ्यायचा."

"डावीच झिजायची. खांद्याला पिशवी त्या बाजूला. कितीदा सांगितलं, खांदा बदला. ऐकतील तर ना!"

ती बोलत राहिली. काकांना पुढे एकाकडे जायचं होतं, पण ते उठले नाहीत. बोलता बोलता आईनंच फॉर्म ओढून घेतला, "कुठे म्हणालात?" असं विचारून सावकाश सही केली आणि माझ्याकडे वळली.

"क्षमा, शिवदासला कुणी कळवलंय का गं?"