लिंडन स्ट्रीटचा निकाल

लोर्ना ह्रुबिकचं अर्धं आयुष्य विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात गेलं होतं. मागून धडक बसली असं कोणी सांगितलं, की ती आधी गाडीचं नाक बघायची. निवृत्त झाली तरी खोड गेली नाही. नवरा क्लेट म्हणायचा, ही सांताक्लॉजकडेसुद्धा ओळखपत्र मागेल. ब्रायरफील्डच्या लोकांना मात्र तिची हीच खोड आवडली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या दक्षिणेला पसरलेल्या या उपनगरात शाळा चालतात त्या लोकांच्या घरपट्टीवर, आणि आपला पैसा जातो कुठे हे विचारणारं कोणीतरी शाळा मंडळावर हवं, असं पुष्कळांच्या मनात होतं. ‘शाळा सुधारा, नाहीतर कुलूप लावा’ अशा पाट्या लोकांच्या अंगणात रोवून ती निवडणुकीला उभी राहिली आणि मंडळाच्या पाच खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर जाऊन बसली.

पहिलं वर्ष शिकण्यात गेलं. मग ऑगस्टमध्ये निकाल आले.

लिंडन स्ट्रीट ही गावातली सगळ्यात गरीब शाळा. रेल्वेच्या रुळांपलीकडची भाड्याची घरं, ट्रेलर पार्कमधली चाकांवरची घरं, आज इथे तर उद्या तिथे राहणारी कुटुंबं. तिसरीच्या वाचनाच्या परीक्षेत ही शाळा कायम तळाला. त्या वर्षी ती एकदम मधल्या रांगेत येऊन बसली. शाळांचे अधीक्षक डॉ. ग्रेडन ओक्स यांनी मंडळाच्या बैठकीत हा निकाल पडद्यावर दाखवला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नोव्हेंबरमध्ये वाढीव शाळाकरावर मतदान होतं. ओक्स शांतपणे म्हणाले, “तुमचा पैसा काय करतो ते हे बघा.”

लोर्नानेही टाळ्या वाजवल्या. पण तिचे हात सगळ्यांच्या आधी थांबले. शाळा तीच, शिक्षक तेच, गळकं छप्परही तेच. मग पोरं एका वर्षात अशी कशी वाचायला लागली? त्यातून ओक्स यांचा करारही त्याच हिवाळ्यात नवा व्हायचा होता. योगायोग एक असला तर ती सोडून द्यायची. दोन एकत्र आले की तिच्या मानेमागे काहीतरी वळवळायला लागायचं.

तिने मंडळाचे अध्यक्ष वॉल्ट स्टॅन्चिक यांना गाठलं. कोणी उत्तरं बदलली असतील का, असं हळूच विचारलं. वॉल्टचं फरशा बसवण्याचं दुकान होतं, आणि गावात सगळ्यांशी गोड राहण्याची त्यांना सवय होती. ते हसले. परीक्षा आता संगणकावर होते, उत्तरं थेट राज्याकडे जातात, खोडरबर घेऊन कोण बसणार, असं म्हणाले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, “बाई, मतदान होईपर्यंत तरी दुधात मिठाचा खडा टाकू नका.”

वॉल्टनी हे सहज म्हटलं, की कोणी म्हणायला लावलं? घरी जाताना लोर्ना त्याचाच विचार करत होती.

सप्टेंबरात ती लिंडन स्ट्रीटला गेली. न कळवता गेली, म्हणजे कोणाला आवराआवर करायला वेळ मिळू नये. मुख्याध्यापिका मर्ना टोथ दारातच भेटली. मर्ना आणि लोर्ना एकाच चर्चच्या गायकवृंदात शेजारीशेजारी उभ्या राहून गायच्या. लोर्नाच्या मुलीला वाचायला शिकवलं तेही मर्नानेच. तिने लोर्नाला हाताला धरून सगळे वर्ग दाखवले. चौथीत पोरं मोठ्यांदा वाचत होती, आणि खरंच छान वाचत होती. कोणी अडखळलं तर वाचनाची शिक्षिका गुडघ्यावर बसून त्याला हळूच पुढे न्यायची. लोर्नाला स्वतःची लाज वाटली. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्या वर्गात बरीच बाकं रिकामी होती. तिने मर्नाला फोन करून विचारलं. मर्ना म्हणाली, सर्दीची साथ आहे. उत्तर लगेच आलं. जरा जास्तच लगेच आलं, असं लोर्नाला वाटलं.

“अगं, सर्दीवरसुद्धा संशय?” क्लेट म्हणाला.

“सर्दीवर नाही,” ती म्हणाली.

ऑक्टोबरात घरातलं कपडे धुण्याचं मशीन बिघडलं आणि ती टोपली घेऊन रुळांपलीकडच्या लाँड्रीत गेली. मंगळवारची सकाळ. शाळा चालू होती. आणि तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी लॅपटॉप समोर ठेवून बसली होती. पडद्यावर एक बाई भागाकार शिकवत होती, तिचा आवाज बंद होता, आणि मुलगी सांडलेल्या साबणाच्या भुकटीत बोटाने मांजर काढत होती. लाँड्री सांभाळणारी शॉना ग्रिम्स ही तिची आई. लोर्नाने सहज विचारल्यासारखं विचारलं, पोरीला बरं नाही का?

शॉनाने तिच्याकडे नीट बघून घेतलं. अशा भागात असे प्रश्न विचारणाऱ्या बायका बहुतेक सरकारी असतात. लोर्नाने स्वतःहून सांगून टाकलं, की ती शाळा मंडळावर आहे. त्याने शॉना आणखीच सावध झाली.

“आम्ही काही चुकीचं केलेलं नाही. ती ऑनलाइन शाळेत आहे,” ती म्हणाली. “मर्नाबाईंनीच सगळं करून दिलं.”

मग हळूहळू बाहेर आलं. डेलेनीला, म्हणजे त्या मुलीला, अक्षरं उलटसुलट दिसायची. गेल्या जानेवारीत मर्नाने शॉनाला बोलावून घेतलं, कॉफी दिली आणि सांगितलं, की वर्गात पोरीला फार त्रास होतो, सगळ्यांसमोर रडते, घरी शांतपणे शिकेल तर फुलेल. राज्याची ऑनलाइन शाळा फुकट आहे, लॅपटॉपही मिळतो. शॉनाला ते पटलं. तिला शाळेतलं काय कळणार? मर्नाबाई तिच्याशी इतक्या मायेने बोलल्या होत्या, की तिनेच त्यांचे आभार मानले.

“परीक्षेच्या आधी?” लोर्नाने विचारलं.

“असेल. मार्चमध्ये ना परीक्षा?” शॉना कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. “आमच्याकडची अजून तीन-चार पोरं गेली तशीच. का हो?”

लोर्नाने का ते सांगितलं नाही. ओले कपडे तसेच टोपलीत घालून ती बाहेर आली. कोणी उत्तरं बदललीच नव्हती. वाचता न येणारी पोरंच परीक्षेच्या आधी शाळेतून काढून टाकली होती.

इतके दिवस तिला ओक्सचा संशय होता, आणि तो संशय तिला सोयीचा होता. रुबाबदार, बाहेरून आलेला, मोठ्या पगाराचा माणूस. मर्ना तिच्या डोक्यातही आली नव्हती. त्या आठवड्यात चर्चमध्ये पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, करायला बायका जमल्या, तेव्हा मर्ना पीठ लाटत होती आणि लोर्ना शेजारी सारण भरत होती. लोर्ना तिच्या हातांकडे बघत राहिली. बाकीच्या बायका भांडी घासायला आत गेल्या तेव्हा तिने विचारलं.

“डेलेनी ग्रिम्सला तू घरी का बसवलंस?”

मर्नाचं लाटणं थांबलं. तिने नाकारलं नाही. नाकारलं असतं तर लोर्नाला सोपं गेलं असतं.

तिने सांगितलं ते असं. निकाल अजून एकदा खाली गेला असता तर मंडळ लिंडन स्ट्रीट बंद करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओक्स तिला काही कर म्हणाले नव्हते. हिवाळ्यात एकदा तिच्या केबिनमध्ये येऊन, खिडकीतून खेळाच्या मैदानाकडे बघत एवढंच म्हणाले होते, की या शाळेच्या चौकटीत कोण बसत नाही ते एकदा बघा. बाकी सगळं तिचं तिने समजून घेतलं. मूठभर पोरं घरी बसली तर उरलेल्या सगळ्यांची शाळा राहत होती.

“आणि मी त्यांच्या आयांना खोटं सांगितलं नाही,” मर्ना म्हणाली. “डेलेनी रोज रडायचीच.”

“पण ती शिकत नाहीये तिथे. साबणात मांजरं काढते.”

मर्नाने डोळे मिटले. मग उघडले, आणि तिचा आवाज बदलला. “कुलूप लावा असं कोण म्हणत होतं गं? माझ्या शाळेच्या दारासमोर तुझी पाटी होती, लोर्ना. रोज सकाळी पोरांना बसमधून उतरवताना मी ती वाचायचे.”

हातातल्या पिरोगीची कड लोर्नाने इतकी दाबली की सारण बाहेर आलं.

पुढचे दोन आठवडे तिला कोणाचंच खरं वाटेना. वॉल्टनी बाजारात हात हलवला तर वाटायचं, याला कळलंय. ओक्सनी तिला भोपळ्याचा केक पाठवला, तो तिने तसाच डब्यात ठेवला. आणि सगळ्यात जास्त संशय तिला स्वतःचाच यायला लागला. हे सगळं बाहेर काढायचं आहे ते पोरांसाठी, की आपण बरोबर होतो हे दाखवायला? बोललं तर वाढीव कराचा प्रस्ताव मतदानात पडणार. तो पडला की आधी जाणार ती गुडघ्यावर बसणारी वाचनाची शिक्षिका. ती शॉनाकडे पुन्हा गेली आणि या वेळी सगळं सांगितलं. शॉनाने हातातल्या चादरीची घडी पुरी केली. मग म्हणाली, पोरीचं नाव घेऊ नका. पण बोला.

मतदानाच्या आधीच्या बैठकीत हायस्कूलचं सभागृह भरलं होतं. ओक्सनी पुन्हा तोच निकाल पडद्यावर लावला. लोर्नाने माइक पुढे ओढला आणि विचारलं, की गेल्या हिवाळ्यात लिंडन स्ट्रीटची किती मुलं घरी बसून शिकायला गेली, आणि त्यांतली किती वाचनात मागे होती.

ओक्स अजिबात गडबडले नाहीत. प्रत्येक कुटुंबाला आपली निवड करण्याचा हक्क आहे, आणि मंडळ त्या निवडीचा आदर करतं, असं ते म्हणाले. वॉल्ट घाईघाईने पुढच्या विषयाकडे वळले. लोकांत कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी बोललं, की या बाईला अधीक्षकाचीच खुर्ची हवी असेल. लोर्नाला कळलं की एवढ्यावर हे संपणार, विरून जाणार.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून मर्ना उठली. तिच्या अंगात चर्चला जायचा कोट होता.

“निवड त्यांची नव्हती,” ती म्हणाली. “मी करायला लावली.”

माइक नसतानाही ते सगळ्यांना ऐकू गेलं. ती अजून थोडं बोलली. ओक्स खिडकीत उभे राहून काय म्हणाले तेही तिने सांगितलं. ओक्स खेदाने मान हलवत म्हणाले, की त्या वाक्याचा असा अर्थ कोणी काढेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कदाचित खरंही असेल. लोर्नाने आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं पाहिली होती, पण या माणसाच्या चेहऱ्यावरून तिला काहीच कळेना.

कराचा प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला. मर्नाने राजीनामा दिला. राज्याची चौकशी लागली. वसंतात ओक्स इंडियाना राज्यातल्या एका मोठ्या शाळा मंडळाकडे अधीक्षक म्हणून गेले, आणि वॉल्टनी निरोपाला भाषण केलं. वाचनाची शिक्षिका गेली, बँडचा वर्ग गेला. घरी बसवलेल्या पोरांपैकी काही परत आली, काही आयांनी नको म्हटलं. डेलेनी परत आली. लिंडन स्ट्रीटला अजून तरी कुलूप लागलेलं नाही. गायकवृंदात लोर्नाच्या दोन्ही बाजूंच्या जागा आता रिकाम्या असतात.

मे महिन्यात लोर्ना सार्वजनिक वाचनालयात गेली होती, तेव्हा मुलांच्या विभागात तिला मर्ना दिसली. समोर डेलेनी होती. मर्ना पुस्तकावर कागदाची पट्टी धरून एकेक ओळ उघडी करत होती, आणि मुलगी रागारागाने, तुटक तुटक वाचत होती. लोर्ना कपाटाआड थांबली. चौकशी अजून संपलेली नव्हती. शॉनाची साक्ष व्हायची होती. तिच्या मानेमागे पुन्हा ते वळवळायला लागलं.

शॉना खिडकीपाशी बसली होती. लोर्ना तिच्याजवळ गेली आणि तिने हळू आवाजात विचारलं, की मर्ना हे कशासाठी करते आहे याचा शॉनाने विचार केलाय का?

“केलाय,” शॉना म्हणाली. “असेल तिचा काही हेतू. तुमचाही होताच की, बाई.”

मग तिने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. लोर्ना क्षणभर घुटमळली आणि तिथे बसली. पलीकडे मुलगी एका शब्दावर अडली होती. मर्ना तो शब्द सांगत नव्हती, वाट बघत होती.