शिवलेले दोन कागद

“आधी सहा महिने यांची दारू सुटू दे, मग बघू भीतीचं,” बारा नंबरच्या खोलीतले डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

“आणि दारू सोडवणाऱ्या मॅडम म्हणतात, आधी भीतीचं बघा!” ताई कडाडली. “समोरच्याच खोलीत बसतात त्या. चार पावलांवर. बोलत नाही का तुम्ही एकमेकांशी?”

दोन खोल्या, दोन केसपेपर आणि भाऊ एक. तीन आठवड्यांतला हा पाचवा हेलपाटा, शिवणाचं दुकान बंद ठेवून. नुसती टोलवाटोलवी! भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. कामाला पक्का, पण लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं म्हटलं की छाती धडधडायची, घाम फुटायचा, आता मरतो असं वाटायचं. दोन घोट पोटात गेले की हात स्थिर. त्या दोनाचे किती झाले, कुणाला कळलंच नाही. समोरच्यांच्या गोळ्यांवर आज अकरा दिवस त्याने थेंब घेतला नव्हता. “ताई, आजही परत पाठवलं तर मी पिणार,” असं त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. गळ्याशी टोचलेली सुई तिने काढली. दोऱ्यासकट ती कायम तिथे असायची. दोन्ही केसपेपर एकावर एक ठेवून तिने डॉक्टरांच्या टेबलावरच टाके घालायला सुरुवात केली.

“अहो बाई! दवाखान्याचे कागद आहेत ते!”

“मग उसवा. माणूस उसवलात तसे कागदही उसवा!”

दारात रांगेतली माणसं गोळा झाली. भावाने कागदांच्या कडा धरून ठेवल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग शिपायाला म्हणाले, “समोरच्या मॅडमना बोलव.” आणि पहिल्यांदाच भावाकडे वळले. “ही धडधड कधीपासून होते?”

“सातवीपासून. वर्गात उभं राहून वाचायचं असलं की व्हायची. म्हणून शाळेत न जाता मागच्या गल्लीत बसायचो.”

ताईची सुई थांबली. त्या गल्लीतून कान धरून, कामचुकार मेला म्हणत, रोज तिनेच त्याला शाळेत ओढून नेलं होतं.

“बोलला का नाहीस रे?”

“कुणी विचारलंच नाही, ताई.”

तिला पुढचा टाका दिसेना. भावाने तिच्या हातातून सुई घेतली. हात थरथरत होते. दोनदा चुकला, आणि तिसऱ्यांदा शेवटची गाठ त्याने मारली.